खालच्या उजव्या दाढेचे सात मिलिमीटर

“तीन, दोन, तीन.” गालाकडची बाजू मोजून झाली. आता जिभेकडची. “तीन, तीन, सात. रक्त.” शेजारी बसलेली सहायक आकडे तक्त्यात भरते आणि सातभोवती लाल गोल काढते.

हिरड्यांची तपासणी अशी आकड्यांतच चालते. एका दाताभोवती सहा जागा मोजायच्या, तीन गालाकडून आणि तीन जिभेकडून. अक्कलदाढा सोडून २८ दात शाबूत असतील तर १६८ आकडे होतात. प्रोब म्हणजे बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती दाताला धरून मुळाच्या दिशेने अलगद सोडायची. जोर २० ते २५ ग्रॅमचा. तो हातात बसावा म्हणून शिकताना प्रोब स्वतःच्या अंगठ्याच्या नखाखाली दाबून पाहायला सांगतात. दुखलं तर जोर जास्त झाला. निरोगी हिरडीत प्रोब १ ते ३ मिलिमीटर जाऊन थांबतो, आणि तो थांबा हाताला घट्ट रबरासारखा जाणवतो. खालच्या उजव्या पहिल्या दाढेच्या मागच्या कोपऱ्यात तो थांबलाच नाही. लोण्यात सुई जावी तसा सातपर्यंत गेला. बाहेर काढल्यावर हिरडीच्या काठावर आधी एक लाल रेघ दिसली, मग थेंब उभा राहिला.

या एका जागेचं पुढे काय होतं, ते पहिल्या दिवसापासून तीन महिन्यांच्या तपासणीपर्यंत इथे सविस्तर लिहीत आहोत. खुर्चीत बसलेल्या माणसाला हे सगळं पाच-दहा मिनिटांत सांगावं लागतं आणि त्या घाईत मुख्य गोष्ट निसटते. पायोरियात दाताभोवतीचं हाड जंतू खातात असा समज आहे. ते हाड आपलंच शरीर विरघळवतं, जंतूंशी लढता लढता. हे नीट समजलं की उपचारातली प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप कळतं, आणि माणूस तीन महिन्यांनी परत येतो.

दात स्वच्छ घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यावर बसतो. त्याला आधी स्ट्रेप्टोकॉकस आणि ॲक्टिनोमायसिस जातींचे जंतू चिकटतात. त्यांना धरून फ्युसोबॅक्टेरियम येतो. हा लांबट जंतू आधी आलेल्यांनाही चिकटतो आणि नंतर येणाऱ्यांनाही, म्हणजे मधला पूलच. त्यावरून मग हवा नको असलेले जंतू वस्तीला येतात. हा थर म्हणजे प्लाक. सकाळी जिभेचं टोक दातांच्या आतल्या बाजूने फिरवल्यावर जे बुळबुळीत लागतं, ते हेच. सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहणाऱ्या डच लीवेनहुकने १६८३ साली स्वतःच्या दातांवरून खरवडलेला हाच थर भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव त्याला दिसले. या थरात लाळेतले क्षार बसले की तो कडक होतो. ते किटण. खालच्या पटाशीच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या बाहेरून ते सगळ्यात जास्त साठतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. हिरडीच्या वरचं किटण पिवळट आणि ठिसूळ असतं. हिरडीखालचं काळपट आणि चिवट असतं. रक्तातल्या रंगद्रव्याने ते काळं पडतं. किटण स्वतः मेलेलं असतं, पण खडबडीत असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर जिवंत थर कायम बसून राहतो. त्रास त्या थराचा असतो.

थर बसला की हिरडी काय करते, हे माणसांवरच पाहिलं गेलं आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये आर्हुसला हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाची हिरडी सुजली, रक्ताळली. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज ओसरली. या टप्प्यातली सूज पूर्ण भरून येते. सातच्या आकड्यापर्यंत गेलेली जागा मात्र पूर्ववत होत नाही, आणि या दोन्हींमध्ये नेमकं काय घडतं ते पाहण्यासारखं आहे.

हिरडीचं अस्तर दाताला जिथे चिकटतं, त्या पट्टीला इथे जोडपट्टी म्हणू. वरच्या टोकाला ती १५ ते ३० पेशी जाड असते, तळाशी जेमतेम एक-दोन पेशी. तिच्या पेशींमध्ये मुद्दाम ठेवल्यासारख्या फटी असतात. शरीरात इतर ठिकाणी कातडी बंद असते. इथे कठीण दात कातडी फोडून बाहेर आलेला असतो, म्हणजे दार कायमचं उघडं. म्हणून पहारा कायमचा. निरोगी तोंडातसुद्धा रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी या फटींतून सतत बाहेर येत असतात, दर मिनिटाला सुमारे ३०,०००. त्यांना वाट दाखवते ती रसायनांची चढती पातळी: जोडपट्टीच्या पेशी इंटरल्युकिन-८ नावाचं द्रव्य सोडतात, जंतूंच्या जवळ ते दाट असतं आणि खाली रक्तवाहिनीजवळ विरळ. न्यूट्रोफिल विरळाकडून दाटाकडे चालत जातात आणि थरासमोर भिंतीसारख्या उभ्या राहतात.

थर साठू लागला की दोन ते चार दिवसांत खालच्या केशवाहिन्या रुंदावतात, त्यांच्यातून द्रव पाझरतो आणि न्यूट्रोफिलांची संख्या वाढते. बाहेरून अजून काही दिसत नाही. आठवड्याच्या आसपास लिम्फोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी येतात. न्यूट्रोफिल आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी वाट काढायला, हिरडीला घट्ट ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडणारी विकरं सोडतात. पेशी जमलेल्या त्या छोट्याशा भागातलं ६० ते ७० टक्के कोलॅजन या काळातच जातं. हिरडी लुसलुशीत होते ती यामुळे. संत्र्याच्या सालीसारखी तिची बारीक खडबड जाते, काठ गोलसर आणि चकचकीत होतो. दोन-तीन आठवड्यांत प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचं राज्य येतं. इथपर्यंत हाड शाबूत असतं. काही माणसं या टप्प्यावर वर्षानुवर्षं राहतात आणि पुढे जातच नाहीत.

पुढे जातात त्यांच्यात काही जंतू पहारा बिघडवून टाकतात. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यातला सगळ्यात अभ्यासलेला. संख्येने तो थोडाच असतो. पण तो जोडपट्टीच्या पेशींना इंटरल्युकिन-८ सोडू देत नाही, म्हणजे न्यूट्रोफिलांची वाटच पुसतो. वर त्याच्याकडे जिंजिपेन नावाची विकरं असतात. त्यांनी तो रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांचे, म्हणजे जंतूंविरुद्ध पांढऱ्या पेशींना मदत करणाऱ्या प्रथिनांचे, हवे तसे तुकडे करतो. त्यामुळे न्यूट्रोफिल गोळा तर होतात, चवताळतातही, पण गिळलेल्या जंतूला मारण्याचं काम अडून राहतं. सूज चालू आणि मारा बंद, हीच त्याला हवी असलेली स्थिती. कारण सुजलेल्या जागेतून रक्त आणि तुटलेल्या प्रथिनांचे तुकडे पाझरतात. त्यातलं लोह आणि अमिनो आम्लं यांवर तो जगतो. त्याच्या जिवावर बाकीचे जंतूही माजतात. आपण सुजेला जंतूंचा परिणाम मानतो. ती त्यांचं अन्नछत्रही असते. उपचाराच्या दृष्टीने हा फार कामाचा मुद्दा आहे, कारण सूज उतरवली की थराची उपासमार सुरू होते.

आता हाड. जंतूंच्या कवचातली विषारी द्रव्यं मॅक्रोफेज आणि इतर पेशींवरच्या संवेदकांना लागली की त्या इंटरल्युकिन-१, टीएनएफ आणि प्रोस्टाग्लँडिन ई२ सोडतात. या निरोपांमुळे हाड बांधणाऱ्या पेशी आणि लिम्फोसाइट रँकल नावाचं प्रथिन जास्त बनवतात. रँकल म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, तयार करण्याचा हुकूम. शरीराकडे या हुकमाला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं प्रथिनही असतं. ते रँकलला मधेच पकडून ठेवतं. रँकल वरचढ झालं की हाड जातं, ऑस्टिओप्रोटेजेरिन वरचढ असलं की टिकतं. जिवंत थर आणि हाड यांच्यात साधारण दीड ते अडीच मिलिमीटरचं अंतर शरीर राखतं. थर मुळावरून खाली सरकला की हाडही तेवढंच मागे घेतलं जातं. जंतू हाडापर्यंत पोचू नयेत म्हणून केलेली ही माघार आहे. माघारीने जबड्याच्या हाडाचं रक्षण होतं आणि दाताचा आधार सुटतो.

हीच लढाई एकाच्या तोंडात सुजेवरच थांबते आणि दुसऱ्याचे दात नेते, याचा सगळ्यात ठळक पुरावा श्रीलंकेच्या चहामळ्यांतला आहे. १९७० पासून १५ वर्षं तिथल्या ४८० मजूर पुरुषांच्या हिरड्या मोजल्या गेल्या. दातांची निगा नाही, दवाखाना नाही, ब्रश नाही. थर आणि किटण सगळ्यांच्या तोंडात सारखंच. तरी ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम वेगाने, आणि ११ टक्के लोकांच्या हिरड्या सुजेपलीकडे गेल्याच नाहीत. “माझे आजोबा आयुष्यभर मिश्री लावायचे, नव्वदीत ऊस खायचे,” असं आमच्याकडे नेहमी ऐकू येतं. ते खोटं नसतं. ते त्या ११ टक्क्यांतले असतील. नातवाचं शरीर कसं वागेल हे मात्र आजोबांवरून ठरत नाही.

म्हणून सात हा आकडा लिहून झाल्यावर पुढचे प्रश्न तोंडाबाहेरचे असतात. साखर आहे का? शेवटचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, किती? साखर जास्त राहिली की प्रथिनांना साखर चिकटून तयार झालेली द्रव्यं मॅक्रोफेजना सतत डिवचतात, तेवढ्याच थराला दुप्पट चवताळल्यासारखा प्रतिसाद मिळतो आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट दिशेनेही हे खरं आहे: हिरड्यांचा नीट उपचार झाला तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण ०.४ टक्क्याने उतरतं. तंबाखू? विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्या फसव्या असतात. रक्तवाहिन्या आवळल्यामुळे रक्त कमी येतं, हिरडी फिकट आणि टणक दिसते, आणि प्रोब मात्र आठ मिलिमीटर आत जातो. मिश्रीने दात काळे पडतात, आणि जिथे तंबाखूची गोळी धरली जाते तिथली हिरडी मुळावरून खाली उतरते. रक्तदाबाची गोळी कोणती? ॲम्लोडिपिन, निफेडिपिन या गटातल्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात, फिट्सच्या फेनिटॉइननेही. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना चिठ्ठी द्यायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली असेल तर साफसफाईच्या अर्धा ते एक तास आधी ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम तोंडाने, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर. किटण काढताना थोडा वेळ जंतू रक्तात जातात. निरोगी माणसाचं शरीर ते तिथल्या तिथे संपवतं, कृत्रिम झडपेवर मात्र ते घर करू शकतात.

एक्स-रेमध्ये दाढेच्या मागे हाडाला खाच दिसते. एक्स-रेवर हाड गेलेलं दिसण्याआधी त्यातले ३० ते ५० टक्के क्षार जावे लागतात, त्यामुळे आजार चित्रापेक्षा पुढेच असतो. प्रोबच्या आकड्यावर भर द्यायचा तो म्हणून. पण तो आकडाही जसाच्या तसा घ्यायचा नसतो. सुजलेल्या जागी कोलॅजन विरघळलेलं असल्याने प्रोबचं टोक पॉकेटच्या, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या खोल झालेल्या फटीच्या, तळाशी थांबत नाही, जोडपट्टी फोडून खालच्या मऊ भागात शिरतं. सातमधला काही भाग असा निव्वळ सुजेचा असतो.

पहिल्या भेटीत पॉकेटच्या आत हात घालत नाही. आधी हिरडीच्या वरचं किटण काढायचं आणि माणसाच्या हातात ब्रश देऊन आरशासमोर घासायला लावायचं. ब्रशचे केस हिरडीच्या काठावर ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलवायचे, मग पुढच्या दोन दातांवर सरकायचं. बहुतेकांचा ब्रश दाढांच्या जिभेकडच्या बाजूला पोचतच नाही. आमच्या सातच्या आकड्याची जागा नेमकी तीच. दातांच्या फटींसाठी बाटली घासण्याच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मिळतो. किंचित अडत आत जाईल असा आकार निवडायचा. सैल गेला तर काही साफ होत नाही. कोंबावा लागला तर हिरडी जखमी होते आणि तार वाकते. पहिले चार-पाच दिवस रक्त येईल, तरी थांबायचं नाही, हे आम्ही चिठ्ठीवर लिहूनच देतो. दोन आठवड्यांनी वरवरची सूज उतरलेली असते, आणि आत काम करताना रक्त कमी येऊन स्पष्ट दिसतं.

मग आतली सफाई. खालच्या दाढांसाठी जबड्याच्या मागे नसेजवळ भूल: लिग्नोकेन २ टक्के, त्यात १:८०,००० ॲड्रिनॅलिन. ओठाचा अर्धा भाग जड झाला की सुरुवात. अल्ट्रासॉनिक यंत्राचं बारीक टोक दर सेकंदाला २५ ते ३५ हजार वेळा थरथरतं. सोबत पाण्याची धार लागते, नाहीतर मूळ तापतं. टोक झिजलं की यंत्र नुसता आवाज करतं: १ मिलिमीटर झिजेला ताकद पाव घटते, २ मिलिमीटरला अर्धी, आणि मग ते टोक टाकूनच द्यावं लागतं. टोकाची बाजू मुळाला लावायची, नोक कधीच टेकवायची नाही. नोकेने मुळावर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत थर पुन्हा बसतो.

यंत्रानंतर क्युरेट, म्हणजे किटण हाताने खरवडायचं हत्यार. दाढेच्या मागच्या बाजूसाठी त्यातला ग्रेसी १३/१४ या क्रमांकाचा. चमच्यासारख्या पात्याची एकच कड धारदार असते. पातं हिरडीखाली मुळाला जवळजवळ सपाट धरून सरकवायचं, तळाचा मऊ स्पर्श झाला की दांड्याचा खालचा भाग दाताला समांतर आणायचा म्हणजे धार सत्तर अंशांच्या आसपास बसते, मग वर ओढायचं. दिसत काहीच नाही. सगळं बोटांच्या टोकांना कळतं: किटण असेल तर वाळूच्या कागदावरून ओढल्यासारखा खरखरीत ठेच लागते, निघालं की काचेवरून सरकल्यासारखं गुळगुळीत. इथे एक फसवणूक होते. धार बोथट असेल किंवा कोन कमी पडला तर किटण निघत नाही, वरून घासलं जाऊन गुळगुळीत होतं आणि हाताला स्वच्छ मुळासारखंच लागतं. म्हणून धार आधी तपासायची, आणि क्युरेटनंतर एक्सप्लोरर नावाच्या बारीक टोकदार सळईने पुन्हा चाचपायचं. पाच मिलिमीटरपेक्षा खोल जागेत किटणाचे तुकडे राहून जाण्याची शक्यता बरीच असते. आमच्या दाढेचे सात मिलिमीटर मागच्या कोपऱ्यात आहेत हे त्यातल्या त्यात बरं. तेच मधोमध, दोन मुळांच्या फाट्यात असते, तर काम वेगळंच झालं असतं: बहुतेक पहिल्या दाढांत फाट्याचं तोंड १ मिलिमीटरहून अरुंद असतं आणि क्युरेटचं पातं ०.७५ ते १.१ मिलिमीटर रुंद. हत्यार आत मावतच नाही.

अर्धवट सफाईचा धोका कामाच्या दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. वरचं किटण निघालं, सूज उतरली, हिरडीचा काठ दाताला घट्ट बसला, आणि खाली किटण तसंच राहिलं, तर पू बाहेर पडायची वाट बंद होते. मग ठणका, गाठ, चावताना दात वर आल्यासारखा वाटणं. अशा वेळी मेडिकलमधून स्वतःच प्रतिजैविक आणून घेतलं तर गाठ बसते, दोन-तीन महिन्यांत परत येते. थरातल्या जंतूंपर्यंत औषध पुरेसं पोचतच नाही. थर आधी हाताने मोडावा लागतो. आजार फार वेगाने वाढतो अशा निवडक रुग्णांना सफाईच्या जोडीने ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल देतात, सरसकट सगळ्यांना नाही.

त्या रात्रीसाठी पॅरासिटामॉल पुरतं. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. टूथपेस्ट आणि ते यांत अर्धा तास अंतर हवं, कारण पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याला निकामी करतो. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात आणि जिभेची चव जाते. गुळणी पॉकेटच्या आत जवळजवळ जात नाही. तिचं काम हिरडीच्या वर नवा थर बसू न देणं एवढंच.

भूल उतरल्यावर काय होतं ते सांगून ठेवलं नाही तर माणूस घाबरतो. दुसऱ्या दिवसापासून थंड पाण्याने कळ येते, कारण किटणाने झाकलेलं मूळ उघडं पडलेलं असतं. दोन ते चार आठवड्यांत ते बरंच कमी होतं. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मदत करते. दातांच्या मध्ये काळे त्रिकोण दिसू लागतात, अन्न अडकतं. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: “डॉक्टर, साफ केल्यामुळे दात हलायला लागले.” त्यांना जाणवतं ते खरं असतं, पण त्यामागचं कारण समजावून सांगावं लागतं. किटणाचा पूल शेजारच्या दातांना बांधून ठेवत होता. पूल गेला आणि हाड आधीच गेलेलं होतं ते उघड झालं. सूज उतरून धागे पुन्हा घट्ट होईपर्यंत सहसा सहा-आठ आठवडे जातात, आणि मग तोच दात पूर्वीपेक्षा कमी हलतो. गावाकडे अजूनही या एका समजुतीपायी लोक किटण काढायला तयार होत नाहीत, आणि पन्नाशीत कवळी घेतात. हे पाहून फार वाईट वाटतं.

आतमध्ये शरीर आता दुसरं काम करतं. चिथावणी गेली की न्यूट्रोफिल आपोआप मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि तेच मॅक्रोफेज मारणाऱ्याचे दुरुस्ती करणारे होतात. आठवड्या-दोन आठवड्यांत जोडपट्टी स्वच्छ मुळावरून पुन्हा चिकटत जाते, पूर्वीपेक्षा लांब. कोलॅजन भरायला आणखी चार ते सहा आठवडे. म्हणून या काळात प्रोब घालायचा नाही. नवी जोडणी फाटते. सात मिलिमीटर किंवा त्याहून खोल जागा नीट सफाईनंतर सरासरी २ मिलिमीटरने उथळ होते. त्यातलं साधारण १ मिलिमीटर हिरडी आकसण्याचं, १ जोडणी घट्ट होण्याचं. गेलेलं हाड यातून परत येत नाही.

शरीराच्या या चवताळण्यालाच औषधाने लगाम घालता येतो का? येतो, थोडासा. १९८३ मध्ये लॉर्न गोलब यांच्या गटाने दाखवलं की टेट्रासायक्लिन गटातली औषधं जंतूंना मारण्याखेरीज कोलॅजन तोडणाऱ्या विकरांनाही अडवतात. त्यावरून डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन महिने किंवा जास्त, अशी मात्रा आली. ही मात्रा इतकी कमी आहे की जंतू मरत नाहीत, विकरं तेवढी थंड होतात. ती सफाईच्या जोडीनेच उपयोगाची, आणि गरोदर बायका व लहान मुलं यांना द्यायची नाही. आम्ही ती क्वचित देतो. सूज उतरवायला रोजचा फटीतला ब्रश आणि साखरेवर ताबा यांचाच जास्त भरवसा वाटतो.

तीन महिन्यांनी तोच प्रोब, त्याच जोराने. तीन महिनेच का, तर साफ केलेल्या पॉकेटमध्ये जंतूंची जुनी वस्ती काही आठवड्यांत हळूहळू परत बसू लागते, आणि ती शरीराला पुन्हा चिथावेल त्याआधी मोडायची असते. हिरडी आता फिकट गुलाबी आहे, काठ सुरीसारखा पातळ. “तीन, दोन, तीन. तीन, तीन,” आणि मागच्या कोपऱ्यात प्रोब थांबतो, या वेळी रबरी थांब्याने. “पाच.” सहायक वाट पाहते. वीस सेकंदांनी काठावर एक बारीक ठिपका येतो. “रक्त.”

चार किंवा कमी, रक्ताशिवाय, हे ध्येय असतं. पाच आणि रक्त म्हणजे तळाशी अजून काहीतरी आहे. एक्सप्लोरर आत घातल्यावर तळापासून दीड मिलिमीटर वर, दुसऱ्या दाढेकडच्या बाजूला, एक पुसटशी ठेच लागते. भूल पुन्हा, १३/१४ पुन्हा, या वेळी धार लावून. सहा-आठ आठवड्यांनी याच जागी परत मोजायचं. तेव्हाही रक्त असेल आणि खोली पाच किंवा जास्त असेल, तर हिरडी उघडून मूळ डोळ्यांना दिसेल अशी शस्त्रक्रिया करायची की नाही ते ठरवायचं. तक्त्यातला सात खोडून त्याच चौकटीत पाच लिहिलं जातं, लाल गोल तसाच ठेवून.